चार एस, दोन कोऱ्या टाइल आणि समोर काका

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर जुळवून इंग्रजी शब्द रचायचे आणि गुण मिळवायचे असा खेळ. त्याचा डबा आमच्या घरी दोनदा आला. पहिला मी मुलीच्या वाढदिवसाला मेन रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून अडीचशे रुपयांना घेतला होता. तो नकली होता, त्याच्यावरचे नाव मूळ नावापेक्षा एका अक्षराने वेगळे होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. दुसरा, अस्सल, चार महिन्यांनी जवळजवळ पाचपट पैसे मोजून घेतला. या दोन डब्यांत नेमका फरक काय आणि जास्तीचे पैसे मोजावेत का, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मात्र तो फरक मला स्वतःला कळलेला नाही. तो आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकांनी मला हरवता हरवता दाखवून दिला, त्यामुळे काकांना वगळून या खेळाविषयी लिहिणे मला शक्य नाही.

आम्ही नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूला राहतो. काकांनी तरुणपणी रविवार कारंज्याजवळच्या एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवले आणि नंतर निवृत्त होईपर्यंत नोट प्रेसमध्ये छापील ताव तपासले. शिक्षण पूर्णपणे मराठी माध्यमातून झालेले, इंग्रजी बोलायची वेळ आली की आजही दोन क्षण थबकतात. म्हणूनच, मी एम. ए. इंग्रजी असल्याने पहिल्या रविवारी त्यांच्याशी जपून खेळावे, त्यांना वाईट वाटू नये, असा विचार करून बसले होते. त्या विचाराची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

खेळाला सुरुवात करण्याआधी काकांनी पिशवीतल्या सगळ्या टाइल पटावर ओतल्या आणि दहा दहाच्या दहा ओळींत मांडल्या. ही स्पर्धांमधली पद्धत आहे. शंभर टाइल आहेत की नाहीत, हे दोघांनाही एका नजरेत दिसावे, हा तिचा हेतू. आमच्या नकली संचाची शेवटची ओळ नवावर थांबली. एक ‘ई’ कमी होता. मग काकांनी सगळ्या टाइल पालथ्या केल्या, पट उचलून खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला आणि दोन टाइलवर बोट ठेवले. त्या दोन्ही कोऱ्या, म्हणजे हव्या त्या अक्षराच्या जागी चालणाऱ्या टाइल होत्या. त्यांच्या पाठीचा रंग इतरांहून किंचित पिवळट होता, म्हणजे पिशवीत डोकावणाऱ्याला त्या ओळखता आल्या असत्या. शिवाय अक्षरांची शाई इतकी उठलेली होती की पिशवीत हात घातल्यावर बोटांनीच अक्षर वाचता यावे. स्पर्धेत याच कारणासाठी गुळगुळीत टाइल वापरतात आणि पिशवी डोळ्यांच्या पातळीच्या वर धरून टाइल काढायला लावतात. “यात खेळ नाही, नशीबही नाही,” असे म्हणून काकांनी घरून स्वतःचा संच आणला. चार महिने आम्ही घरात त्याच नव्याण्णव टाइलवर आनंदाने खेळत होतो आणि कोणालाही काही खटकले नव्हते.

टाइलची संख्या आणि गुण यांवर हा खेळ कसा उभा आहे, हे समजून घेतल्याशिवाय एक ‘ई’ कमी असण्याने काय बिघडते ते कळत नाही. आल्फ्रेड मोशर बट्स हा अमेरिकेतला वास्तुविशारद १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतल्या मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून टाइलचे प्रमाण ठरवले. ‘ई’च्या १२, ‘ए’ आणि ‘आय’च्या ९, तर ‘क्यू’, ‘झेड’, ‘जे’, ‘एक्स’ आणि ‘के’ यांची एकेकच. जे अक्षर सहज लागते त्याला १ गुण, ‘क्यू’ आणि ‘झेड’ला १०. ‘एस’ मात्र इंग्रजीत सर्वत्र सापडत असूनही त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या शब्दाचे अनेकवचन करून गुण उकळत बसला असता. खेळाला आजचे नाव मिळाले ते १९४८मध्ये, जेम्स ब्रूनो याने तो हाती घेतल्यावर. काकांना हा इतिहास मी वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “अगं, हे तर केसचेच, खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीचेच गणित. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये ‘ई’चा खण सगळ्यांत मोठा असायचा.” ज्याने उभ्या-आडव्या खणांतून उलटी अक्षरे वेचून ओळी जुळवल्या, त्याच्यासमोर मी माझी पदवी घेऊन बसले होते.

पहिली खेळी माझी होती. रॅकवर, म्हणजे आपल्या सात टाइल ठेवायच्या पट्टीवर, पाहता क्षणी मला ‘हाउस’ हा शब्द दिसला. ‘एच’ दुप्पट अक्षराच्या, म्हणजे अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरात बसत होता आणि पहिला शब्द मधल्या घरावरून जात असल्याने त्याची बेरीजही दुप्पट होते, म्हणून २४ गुण मिळाले. मी खूष होते. काकांनी वहीत २४ लिहिले, थोडा वेळ पटाकडे पाहिले आणि माझ्या शब्दाच्या आधीच्या घरात ‘सी’ ठेवला. त्या ‘सी’पासून खाली एकेक टाइल ठेवत त्यांनी रॅकवरच्या सातही टाइल उतरवल्या. उभा शब्द होता ‘चपाती’.

तो शब्द इंग्रजी कोशात आहे हे मला ठाऊक होते. आक्षेप होता तो आडव्या शब्दावर, कारण ‘हाउस’च्या आधी ‘सी’ लावून शब्द होतो हे मी आयुष्यात ऐकलेले नव्हते. काकांना इंग्रजी नीट येत नसल्याने चूक झाली असावी, असे समजून मी सौम्य आवाजात चॅलेंज केले, म्हणजे शब्द खरा आहे का ते तपासायला मागितले. मोबाइलवर कोलिन्सची, म्हणजे स्पर्धांत मान्य असलेल्या शब्दांची यादी उघडली. शब्द होता. क्रियापद, अर्थ फसवणे. माझ्या चेहऱ्याकडे पाहून काका हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. हरलेल्या चॅलेंजबद्दल पाच गुणांचा दंड तेवढा त्यांनी वहीत मांडला. मग बेरीज केली. उभ्या शब्दात ‘एच’ पुन्हा दुप्पट, एक घर दुप्पट शब्दाचे, असे ३६. आडव्या शब्दाचे ११. आणि सातही टाइल एका खेळीत लावल्याबद्दलचे जादा ५०. एकूण ९७. माझ्या पाच अक्षरांची २४ ही कमाई त्यांनी एकाच ‘सी’ने स्वतःच्या कामाला लावली होती.

यापुढे जे झाले ते मला अधिक बोचले, कारण त्यात माझा हातभार होता. ‘चपाती’चा शेवट पटाच्या तळाच्या एका ओळ आधी आला होता. त्याच्याखाली तळाच्या ओळीत एखादी ‘एस’ ठेवली की ‘चपाती’चे अनेकवचन होणार आणि ती ‘एस’ घेऊन कोपऱ्यातल्या तिप्पट शब्दाच्या घरापासून आडवा शब्द रचता येणार, हे मलाही दिसत होते. पण माझी ‘एस’ मी ‘हाउस’मध्ये खर्च केली होती. तीन खेळ्या मी पिशवीतून ‘एस’ येईल म्हणून वाट पाहिली आणि चौथ्या वेळी काकांनी तिथे ‘बेसन’ लिहिले. तिप्पट शब्दाचे २४, ‘चपात्यां’चे १५, एकूण ३९. “चार एस आणि दोन कोऱ्या, एवढीच श्रीमंती असते या पिशवीत,” ते म्हणाले. “ती पहिल्याच खेळीत उधळायची नसते.”

कुशल माणसासमोर बसेपर्यंत मी स्क्रॅबलला शब्दसंग्रहाचा खेळ समजत होते आणि डब्यावरच्या जाहिरातीही तसेच भासवतात. प्रत्यक्षात शब्द ही इथली नाणी आहेत. पट १५ गुणिले १५ म्हणजे २२५ घरांचा, त्यातली तिप्पट शब्दाची घरे फक्त आठ, आणि खरा झगडा चालतो तो त्या घरांपर्यंत कोण आधी पोहोचते आणि पोहोचता पोहोचता दुसऱ्यासाठी कोणती वाट उघडी टाकते यावर. काका लांब शब्दांच्या मागे फारसे नसतात. ते माझ्या शब्दाला समांतर, अगदी चिकटून, तीन अक्षरांचा शब्द ठेवतात, त्यामुळे मध्ये दोन-दोन अक्षरांचे आणखी तीन शब्द तयार होतात आणि त्या सगळ्यांचे गुण मिळतात. एकट्या ‘एक्स’चे ८ गुण, तो तिप्पट अक्षराच्या घरात ठेवला की २४, आणि तिथे आडवा व उभा असे दोन्ही शब्द होत असतील तर त्या एका टाइलचे ४८. हे कळल्यावर दहा अक्षरी शब्द माहीत असण्याचा अभिमान गळून पडतो. स्पर्धांसाठीच्या कोलिन्सच्या यादीत दोन अक्षरांचे शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत आणि काकांनी ते नोट प्रेसच्या जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. ‘क्यू’ला ‘यू’ लागतोच असे नाही, ‘क्यू’ आणि ‘आय’ एवढ्या दोन अक्षरांचाही शब्द होतो, हे मला त्या दारावर कळले. ‘व्ही’चा मात्र दोन अक्षरी शब्द एकही नाही. याची किंमत मी पुढे मोजली.

चांगला खेळाडू काय लावतो यापेक्षा रॅकवर काय मागे ठेवतो याकडे पाहावे, असे मला आता वाटते. एका डावात काकांनी पाच टाइल परत पिशवीत टाकून नव्या घेतल्या. पिशवीत किमान सात टाइल असल्या तर असे करता येते, मात्र खेळी जाते आणि गुण शून्य. मला ते त्यांचे अपयश वाटले होते. पुढच्याच खेळीत त्यांनी सात टाइल उतरवल्या. हातात ‘ए, ई, आय, एन, आर, एस, टी’ यांसारखी मिलनसार अक्षरे असली की त्यांची उलटापालट करून अनेक सात अक्षरी शब्द होतात, म्हणून ती जमेपर्यंत थोडे नुकसान सोसायचे. आम्ही घरी खेळताना एकही खेळी वाया घालवायची नाही, असा जणू नियमच होता.

इंग्रजी बोलता येणे आणि स्क्रॅबल येणे यांचा संबंध किती पातळ आहे, याची जगातली उदाहरणे काकांना तोंडपाठ आहेत आणि ती ते चहाबरोबर सांगतात. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने फ्रेंच बोलता येत नसताना काही आठवड्यांत फ्रेंच शब्दयादी पाठ करून २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. २००३ आणि २००९ची इंग्रजीतली जागतिक अजिंक्यपदे थायलंडच्या खेळाडूंनी मिळवली. २०१५ साली पर्थला नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे जिंकला आणि आफ्रिकेला पहिल्यांदा हा मान मिळाला. ही नावे घेताना काकांच्या आवाजात शाळेतल्या इंग्रजीच्या तासांचा जुना हिशेब चुकता होत असल्याचा भास होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांच्या घरी हा डबा न्यायला पालक बिचकतात, असे मी पाहिले आहे. त्यांनी बिचकू नये. ज्वारी, घेराव, लाठी, धोती हे शब्द इंग्रजी कोशात कोणत्या स्पेलिंगने बसले आहेत, हे शोधण्यातच आमच्या मुलीचे दोन रविवार मजेत गेले.

खेळाचा मला न आवडलेला भागही सांगितला पाहिजे. नियमानुसार खोटा शब्द लावला आणि समोरच्याने चॅलेंज केले नाही, तर तो शब्द टिकतो आणि गुणही मिळतात. काकांनी एकदा मला असा एक शब्द खपवला, मी आधीच्या दंडाची आठवण ठेवून गप्प बसले आणि डाव संपल्यावर त्यांनी तो शब्द कुठेच नसल्याचे शांतपणे सांगितले. त्यांच्या मते हा पत्त्यांमधल्या ब्लफसारखा खेळाचाच भाग आहे. मला तो अजून पटलेला नाही. मुलीबरोबर खेळताना आम्ही चॅलेंज फुकट ठेवतो, म्हणजे शंका आली की यादी पाहायची आणि दंड नाही. डब्यातल्या सूचनाही खेळाआधी कोणता कोश मानायचा ते ठरवून घ्या, असेच सांगतात आणि हे ठरवून न घेता खेळायला बसणे म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण देणे आहे.

शेवटच्या टप्प्यात काकांची वही उघडते. डाव सुरू झाल्यापासून ते लागलेल्या प्रत्येक अक्षरावर काट मारत असतात आणि स्पर्धेत याला पूर्ण परवानगी असते. पिशवी रिकामी झाली की शंभरातून पटावरच्या आणि स्वतःच्या टाइल वजा केल्या की उरतात त्या समोरच्याच्या. त्या पहिल्या डावाच्या अखेरीस त्यांनी वहीवरून नजर न उचलता मला सांगितले, “तुझ्याकडे व्ही आहे आणि दोन आय.” होते. ‘व्ही’ लावण्यासारखी जागा पटावर एकच उरली होती, ती त्यांनी सहा गुणांच्या एका क्षुल्लक शब्दाने बुजवली आणि पुढच्या खेळीला त्यांच्या टाइल संपल्या. माझ्या हातात उरलेल्या तीन टाइलचे सहा गुण माझ्यातून वजा झाले आणि त्यांच्यात जमा झाले. तो डाव मी ४३८ विरुद्ध २७१ असा हरले.

आता डब्याविषयी. अस्सल संचात शंभर टाइल बरोबर निघाल्या, सगळ्यांच्या पाठी एका रंगाच्या आहेत, अक्षरांची जाडी सारखी आहे आणि पिशवीत हात सहज फिरतो. काकांनी खिडकीशी नेऊन तपासल्या, आणखी कोणाचा दाखला मला नको. डब्यात चार रॅक असतात, पण स्क्रॅबल चौघांनी खेळण्यात रस कमी होतो. आपली पाळी येईपर्यंत पट इतका बदलतो की विचार करून ठेवण्यात अर्थ उरत नाही. दोघांनीच खेळावे. साधा सपाट पट असलेल्या संचात टाइलला धक्का लागला की ओळ विस्कटते, म्हणून ऐपत असेल तर घरांना कडा असलेला आणि खालून फिरणारा पट घ्यावा, म्हणजे प्रत्येक वेळी मान वाकडी करून उलटी अक्षरे वाचावी लागत नाहीत. काकांना अर्थातच त्याची गरज भासत नाही, उलटी अक्षरे वाचण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे.

डब्यात घड्याळ नसते आणि ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते. वेळेची मर्यादा नसली की समोरचा माणूस एका शब्दासाठी दहा मिनिटे घेतो आणि मुले उठून टीव्हीपुढे जातात. स्पर्धेत प्रत्येकाला पूर्ण डावासाठी २५ मिनिटे मिळतात आणि त्यापुढच्या दर मिनिटाला दहा गुण कापले जातात. मोबाइलवर बुद्धिबळाचे घड्याळ फुकट मिळते, ते दोघांच्या मध्ये ठेवावे. नवशिक्यांनी २५ मिनिटे पुरतील का, अशी काळजी करू नये. पुरतात, उलट खेळ धीट होतो.

नकली संच टाकून दिला नाही. हाच खेळ मराठीत का खेळू नये, म्हणून मुलीने त्याच्या टाइलच्या पाठीवर कागदाचे तुकडे चिकटवून बाराखडी लिहिली आणि आम्ही तिघे दोन संध्याकाळ त्याच्याशी झटत होतो. पहिली अडचण ‘स्त्री’ने आणली, कारण तिला एक घर द्यायचे की तीन, यावर एकमत होईना. वेलांटी आणि काना वेगळ्या टाइलवर ठेवले तर उभ्या शब्दात त्यांचे काय करायचे, हेही ठरेना. शेवटी काकांनी तोडगा काढला की टाइलवर फक्त व्यंजने आणि स्वर असावेत, काना-मात्रा खेळणाऱ्याने मनाने लावून म्हणाव्यात आणि जोडाक्षराला जितकी व्यंजने तितकी घरे घ्यावीत. त्यामुळे एकच ‘क’ आडव्यात ‘का’ आणि उभ्यात ‘कि’ होऊ शकतो. मराठी खिळ्यांच्या केसला किती जास्त खण असत, हे त्या दिवशी त्यांनी हाताने हवेत रेखून दाखवले. अजून गुणांचे प्रमाण बसलेले नाही, ‘ळ’ला किती द्यावेत यावर वाद चालू आहे.

इंग्रजी संचावर मी आतापर्यंत काकांशी बावीस डाव खेळले असून एकवीस हरले आहे. जो जिंकला त्यात दोन्ही कोऱ्या टाइल माझ्याकडे आल्या होत्या आणि काकांना त्या दिवशी ताप होता. गेल्या रविवारी ३१ गुणांनी हरले, पण शेवटची ‘एस’ मी अकराव्या खेळीपर्यंत हातात धरून ठेवली होती. काकांनी वहीत बेरीज लिहिली, माझ्या रॅककडे पाहिले, “आता थोडे जमते आहे,” असे म्हणाले आणि टाइल पुन्हा दहा दहाच्या ओळींत मोजायला लागले.